परतीचे दोर

घळीत उतरताना दोर दुहेरी असतो. कड्यात ठोकलेल्या बोल्टच्या कडीतून तो ओवायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची आणि एकेकाने उतरायचं. शेवटचा माणूस खाली पोचला की एक टोक धरून ओढायचं. दुसरं टोक सरसरत वर चढतं, कडीतून सुटतं आणि सगळा दोर वरून अंगावर कोसळतो. ओला, जड, वाळूने खरखरीत झालेला. तो घाईघाईने पिशवीत कोंबायचा, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. मी सह्याद्रीतल्या धबधब्यांवर हा दोर खेचला आहे. तो कडीतून सुटतो त्या क्षणी पोटात बारीकसा गोळा येतो. गुळगुळीत कातळ हाताला पकड देत नाही, वर चढून जाता येत नाही. आता बाहेर पडायचं तर पुढूनच.

सिंहगडावर तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना परतीचे दोर कापल्याचं सांगून मागे वळवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिथे ती लढाईतली निर्वाणीची वेळ होती. घळीतल्या खेळात मात्र परतीचे दोर प्रत्येक टप्प्यावर, नेमाने, हसतखेळत आपल्याच हाताने काढून घ्यायचे असतात. खेळ तसाच आहे. म्हणूनच त्यातला खरा निर्णय पहिला दोर खेचण्याआधी घ्यावा लागतो. 14 सप्टेंबर 2015 या एका दिवसाची, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाची ही हकिगत मी इतकी वर्षं पुन्हा पुन्हा मनात लावून पाहतो आहे, ती त्यासाठीच.

रविवार, 13 सप्टेंबर

सात जणांचा गट. कॅलिफोर्नियातले सहा आणि नेवाडातला एक. सगळे पन्नाशी ओलांडलेले. डोंगरात पायी भटकायची सगळ्यांना सवय, पण दोरावरून घळी उतरण्याचा खेळ त्यांतल्या बऱ्याच जणांना नवा. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी प्राथमिक धडे घेतलेले: हार्नेस कसा बांधायचा, दोरावर वजन कसं टाकायचं, उतरताना ब्रेकचा हात कुठे ठेवायचा. दुसऱ्या दिवसासाठी निवडलेली घळ ‘कीहोल’. कीहोल म्हणजे कुलपातलं किल्लीचं भोक, आणि नाव शोभतं. काही ठिकाणी दोन्ही खांदे एकाच वेळी दोन्ही भिंतींना लागतात. लहान घळ, उतरण्याचे टप्पे आखूड, मध्ये काळ्या गार पाण्याचे डोह. ऊन तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही अंगात वेटसूट लागतो. माहीतगार लोक ती काही तासांत उरकतात. नवख्यांनी सुरुवात करावी अशी सोपी घळ, अशीच तिची ख्याती.

सोपी म्हणजे उतरायला सोपी. पाण्याच्या लेखी सोपी आणि अवघड असा फरक नसतो.

त्याच सुमारास प्रशांत महासागरावर, मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे, ‘लिंडा’ नावाचं चक्रीवादळ विरून काही दिवस झाले होते. वादळ विरलं तरी त्याची ओल हवेत उरते. ती ओल ईशान्येकडे, वाळवंटाच्या दिशेने सरकत होती. अमेरिकेच्या या कोरड्या नैऋत्य भागातही जुलै ते सप्टेंबर पाऊस येतो, आणि तिथले लोक त्याला आपलाच शब्द वापरतात, मॉन्सून. फक्त त्यांचा मॉन्सून संततधार लावत नाही. दुपारी ढग चढतो, एका डोंगरावर फुटतो, शेजारचा डोंगर कोरडा राहतो.

सोमवार, सकाळी पावणेआठच्या आसपास

झायनमधल्या अशा घळींत उतरायला परवाना लागतो. तो घ्यायला गट खिडकीशी आला. इथे मी जरा थांबणार आहे, कारण त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची जागा माझ्या मते घळ नाही, ही खिडकी आहे.

पुराच्या अंदाजाच्या तिथे चार पायऱ्या असतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. त्या दिवशीची पायरी होती ‘संभाव्य’, म्हणजे चारांतली तिसरी. पावसाची शक्यता 40 टक्के सांगितलेली. रेंजरने धोका सांगितला आणि परवाना दिला. उद्यानाची रीतच तशी: माहिती आम्ही देऊ, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जोखमीचा खेळ खेळणाऱ्या प्रौढ माणसाला त्याचा निर्णय घेऊ द्यावा, हा विचार मला मुळातून चुकीचा वाटत नाही. पण निर्णय ज्या शब्दांवर घ्यायचा ते शब्द माणसाच्या कानात कसे उतरतात, ते पाहायला हवं.

40 टक्के म्हणजे साठ टक्के आपल्या बाजूने, असा हिशेब मन आपोआप करतं. आपण सगळेच करतो. हवामान खात्याने ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं की आपलं ठिकाण त्या तुरळकांत नसतंच. शिवाय टक्केवारी वाचताना आपल्या डोळ्यांपुढे आपल्या डोक्यावरचा पाऊस असतो. घळीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा डोक्यावरच्या पावसाने मरत नाही. वरच्या अंगाला, नजरेआडच्या कातळावर पडलेला पाऊस घळ आपल्यापर्यंत आणून देते. ऑगस्ट 1997 मध्ये शेजारच्या अॅरिझोनात, अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हा ते उभे होते तिथे पाऊस नावापुरताच होता. ढग फुटला होता कित्येक किलोमीटर वर.

झायनलाही हे नवं नव्हतं. सप्टेंबर 1961 मध्ये, 17 तारखेला, याच उद्यानातल्या ‘नॅरोज’ या अरुंद दरीत 26 जणांचा गट पुरात सापडला आणि पाच जण गेले. महिना तोच, आठवडाही जवळजवळ तोच.

आणि खिडकीशी उभं असताना आभाळ कसं असतं? सकाळी मोकळं. मॉन्सूनच्या दिवसांत तिथे सकाळी बहुतेकदा ऊन असतं. सुट्टी काढलेली, लांबून गाडी हाकत आलेली, भाड्याचे वेटसूट घेतलेले, काल शिकलेलं आज करून पाहायची उमेद. यांतलं काहीच मूर्खपणाचं नाही. या सात जणांना वेडं ठरवणारं पुष्कळ लिहिलं गेलं, ते मला पटत नाही. त्या खिडकीशी मी असतो तर परवाना घेतलाच नसता, असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही.

दहा ते दोन

या वेळात घडलं ते वर, आभाळात. तापलेल्या दगडांवरून हवा चढत गेली, समुद्रावरून आलेली ओल तिच्यात मिसळली, कापसासारखे ढग उंच होऊ लागले.

तोवर जमिनीकडे बघू. झायनचा दगड नवाहो वालुकाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दाबल्या जाऊन त्यांचा दगड झाला. कीहोलच्या वरच्या अंगाला हा दगड उघडाबोडका पसरलेला आहे, गवत नाही, माती नावाला. आपल्या सह्याद्रीत पहिला पाऊस माती पिते, मग रानातला पालापाचोळा पितो, तेव्हा कुठे ओढ्याला पाणी येतं. इथे पिणारं कोणी नाही. थेंब पडला की घरंगळतो. उतार सगळे एकाच भेगेकडे, आणि ती भेग म्हणजे घळ. मुळात ती घळ कोरली आहे ती याच लोंढ्यांनी. तिच्या गुळगुळीत वळणदार भिंती, ज्यांचे फोटो पाहून माणूस वेडा होतो, त्या पाण्याने फिरवलेल्या वाळूने आणि गोट्यांनी घासलेल्या आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहताना जे कौतुक वाटतं, तेच. फक्त इथे आपण रांजणाच्या आत उभे असतो.

दुपारी अडीचच्या आगेमागे

राष्ट्रीय हवामान सेवेने अचानक पुराचा इशारा जारी केला. सकाळी होता तो अंदाज. आता हा इशारा होता, म्हणजे पूर येतोच आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. उद्यानाने घळींची वाट बंद केली, नवे परवाने थांबवले. कागदावर यंत्रणेने आपलं काम चोख केलं.

पण सकाळी परवाना घेऊन गेलेल्या माणसाला हे कळणार कसं? त्या दगडांत मोबाइलला रेंज नसते. घळीच्या तोंडाशी फाटक नाही, पहारेकरी नाही. कीहोलची वाट महामार्गावरून उघड्या कातळावर चढते. गाडी लावायची आणि चालू लागायचं. इशारा होता, तो ऐकणारी माणसंही होती, पण मध्ये दगड होता. आपल्याकडे धरणाचं पाणी सोडताना भोंगा वाजतो, नदीकाठच्या गावात दवंडी पिटतात. आभाळाचं पाणी सुटताना घळीत भोंगा वाजत नाही.

त्यानंतर

गट घळीत उतरला. त्याच दुपारी आणखी एक लहानसा गट तिथे होता. त्याने या सात जणांना पाहिलं, आणि तो पूर येण्याआधी बाहेर पडू शकला.

आत नेमकं काय झालं ते सांगायला कोणी उरलं नाही. पण हा खेळ कसा चालतो ते मला ठाऊक आहे. सात जण म्हणजे प्रत्येक टप्प्यावर सात उतरण्या. पहिला उतरून गारठत उभा राहतो, सातवा वर आपली पाळी येण्याची वाट पाहतो. नवखा माणूस कड्याच्या कडेवर पाठमोरा उभा राहून दोरावर वजन टाकायला घाबरतो. त्याला धीर द्यावा लागतो, ‘पाय पसर, मागे रेल, हात सोडू नकोस.’ कोणीही घाई करत नाही, करूही नये. तेवढ्यात मिनिटं जातात. अनुभवी दोघं ज्या टप्प्याला दहा मिनिटं घेतात, तिथे नवखे सात जण पाऊण तास सहज घेतात. मग सातवा खाली येतो, दोर ओढला जातो, तो अंगावर कोसळतो.

वर पाहिलं तर आभाळाची एक चिरी दिसते. भिंती इतक्या जवळ की ढग डोक्यावर येईपर्यंत दिसतच नाही. सांदणला गेलेल्यांना हे लगेच कळेल. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाशेजारच्या त्या सांदण दरीत भर दुपारी अंधारून येतं आणि वेळेचं भान सुटतं. म्हणून तर पावसाळ्यात त्या दरीत उतरायचं नसतं.

साडेचार ते पाच

ढग फुटले.

एका तासाच्या आत 0.63 इंच पाऊस, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. 16 मिलिमीटर! 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या कोकणात 16 मिलिमीटरला कोणी पाऊस म्हणत नाही, शिंतोडे म्हणतात.

पण हिशेब मांडून पाहा. एक चौरस किलोमीटर उघडा कातळ, त्यावर 16 मिलिमीटर पाणी. होतात एक कोटी साठ लाख लिटर. दुष्काळी गावात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर 1,600 टँकर. यांतलं बहुतेक पाणी जमिनीत न मुरता एका भेगेकडे धावणार, आणि ती भेग हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील इतकी अरुंद. रुंदीला वाव नाही, म्हणून पाणी उंची घेतं.

त्याच ढगांखाली, झायनच्या दक्षिणेला अॅरिझोनाच्या सीमेवर हिल्डेल नावाचं छोटं गाव आहे. गावातून वाहणारा शॉर्ट क्रीक हा ओढा एरवी कोरडाच. पावसाने त्याला पाणी आलं आणि गाव ते बघायला निघालं. वाळवंटात ओढ्याला पाणी येणं ही सोहळ्यासारखी गोष्ट असते. आपल्याकडे पूर बघायला पुलावर गर्दी जमते तशी. दोन गाड्यांतून तीन बाया आणि तेरा मुलं पाणी पाहून परतत होती. पुढचा रस्ता पाण्याने अडवला, म्हणून गाड्या थांबल्या. मग मागून दुसरा, पहिल्याहून मोठा लोंढा आला आणि सोळाही जणांसकट दोन्ही गाड्या उचलून घेऊन गेला. तीन मुलं वाचली.

ही गोष्ट मी इथे मुद्दाम सांगतो आहे. त्या बाया काही साहसी खेळ खेळत नव्हत्या. त्यांनी परवाना घेतला नव्हता, कड्यावरून दोर सोडला नव्हता. घरापासून हाकेच्या अंतरावर त्या मुलांना पाणी दाखवत होत्या. 2024 च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून मध्यावर उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कोणालाही काही करता आलं नाही.

पाच ते साडेपाच

लोंढा येण्याआधी घळ काही खुणा करते. डोहातलं निवळशंख पाणी गढूळ व्हायला लागतं. काटक्या, पानं, फेस तरंगत येतो. वारा नसताना घळीतून गार हवेचा झोत येतो, कारण पाणी पुढची हवा ढकलत असतं. आणि मग आवाज, लांबून मालगाडी यावी तसा. जाणकार माणूस यातली पहिली खूण दिसताच उंच जागा शोधतो. पण त्यासाठी उंच जागा असावी लागते. कीहोलच्या चिंचोळ्या भागात भिंती सरळ वर गेलेल्या. कंगोरा नाही, धार नाही, पकडायला झुडूप नाही. वाटेवरची शेवटची सुरक्षित जागा मागे राहिलेली, आणि तिथे नेणारा दोर पिशवीत.

घळीत मोजमापाचं यंत्र नसतं. पण इथलं पाणी शेवटी ज्या नदीला मिळतं, त्या व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्यावर आहे. त्या यंत्राने त्या संध्याकाळी नोंदवलं: 55 क्युसेक. पंधरा मिनिटांनी: 2,630 क्युसेक.

क्युसेक आपल्या ओळखीचा शब्द. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जाईल का, ते आपण याच मापाने मोजतो. तिथे विसर्ग वाढवताना तास-दोन तास आधी कळवतात, टप्प्याटप्प्याने दारं उघडतात. इथे पाव तासात प्रवाह सत्तेचाळीस पटींहून अधिक वाढला, आणि दार कोणीच उघडलं नव्हतं.

सात जण घळीतच होते.

संध्याकाळ आणि रात्र

अशा पुराचा आणखी एक क्रूर गुण म्हणजे तो जितक्या लवकर येतो तितक्याच लवकर ओसरतो. पाऊस उघडला. रस्त्यावरची लाल माती तशीच राहिली. महामार्गाच्या कडेला त्या सात जणांची गाडी उभी होती, आणि अंधार पडला तरी तिथेच होती. रेंजरला यातून काय समजायचं ते समजलं. तरीही मनाला एक आशा असते: कुठल्या तरी कंगोऱ्यावर बसले असतील, गारठले असतील, पाणी उतरायची वाट पाहत असतील. अशा रात्री शोधपथकातला प्रत्येक माणूस हेच धरून चालतो.

पण घळीत त्या रात्री कोणी उतरलं नाही. पाणी अजून जोरात होतं.

मंगळवार, 15 सप्टेंबर

सकाळी शोध सुरू झाला. बाहेरच्या अंगाने, घळीच्या खालच्या तोंडाशी, पाणी जिथे बाहेर पडतं तिथून. आत शिरायचं तर वरून दोर लावून त्याच वाटेने उतरायला हवं होतं, तेच टप्पे, तोच दोर, प्रत्येक टप्प्याला तो खाली खेचत. आणि आभाळात पुन्हा ढग होते, पुन्हा पुराची शक्यता सांगितलेली होती. घळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या पथकापुढे नेमका तोच प्रश्न होता, जो आदल्या सकाळी खिडकीशी त्या सात जणांपुढे होता. माणसं सरावलेली, सामान उत्तम, आतली माणसं कदाचित जिवंत असतील ही ओढ काळीज पिळणारी.

ते आत गेले नाहीत. पाणी आणि आभाळ दोन्ही शांत होईपर्यंत थांबले.

त्यानंतर एकेक देह सापडत गेला. सातवा गुरुवारी, 17 सप्टेंबरला मिळाला. हिल्डेलमध्ये तेरापैकी बारा देह सापडले. सहा वर्षांचा एक मुलगा चिखलात, ओढ्याच्या पात्रात, कित्येक किलोमीटर खालपर्यंत शोधूनही मिळाला नाही.